केसिंगला बांधलेली तार

आमच्या आईला नळ करंट मारतो, हे वायरमनला पटलं नाही आणि डॉक्टरलाही पटलं नाही. वायरमननं नळाला टेस्टर लावला, टेस्टर पेटला नाही, तेव्हा "मावशी, शुगर तपासा" असं सांगून तो चहा पिऊन गेला. डॉक्टरनं शुगर तपासली. ती थोडी निघालीच, या वयात कुणाची निघत नाही? मग हातापायांच्या मुंग्यांवर गोळ्या सुरू झाल्या. आई गोळ्या खात राहिली आणि नळ मारत राहिला. नळाला कुणी गोळ्या दिल्या नव्हत्या.

मी दौंडला राहतो आणि कुरकुंभला एका कंपनीत इलेक्ट्रिशियन आहे. आई खुटबावला आमच्या वस्तीवर एकटी. आप्पा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून तिला दौंडला आणायचा घाट आम्ही नवरा-बायकोनं बऱ्याचदा घातला, पण ती दाद देत नव्हती. "माझं हातपाय धड हायती तवर मी हितंच," हे तिचं ठरलेलं उत्तर. आता हातच धड नसतील तर विषय संपला, असं बायकोचं म्हणणं. म्हणजे दोष आईच्या हातात निघाला तर तिची वस्ती सुटणार होती, आणि नळात निघाला तर ती राहणार होती. मी कंपनीतून व्होल्ट मोजायचा मीटर मागून घेतला आणि सुट्टीच्या दिवशी सकाळीच वस्तीवर गेलो. दोष नळातच निघू दे, असं वाटेत सारखं मनात येत होतं.

एक तार नळाला धरली, दुसरी ओल्या फरशीवर. मीटरवर आकडा उभा राहिला. टेस्टर पेटायला पुरणार नाही एवढा, पण ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या बाईला झटका द्यायला भरपूर. आई स्वयंपाकघरात मेली तरी पायात चप्पल घालणार नाही. आम्ही बाकीचे मोरीतसुद्धा स्लीपर घालून जाणारे, आम्हाला काय कळणार? वायरमन तर बुटांसकट आत आला होता. आईला झटक्यापेक्षा त्या बुटांचाच राग जास्त होता.

"तुझ्या हातात काही नाही. नळातच आहे," मी म्हणालो.

"म्या कवाचं सांगतीय," आई म्हणाली, आणि मला चहा टाकायला वळली. तिची पाठ हलकी झालेली मला दिसली.

मग मी घरातलं मेन स्विच पाडलं. आकडा तसाच. घरातली लाईट बंद आणि नळातली चालू. तेवढ्यात आकडा एकदम चढला, आणि शेजारी चुलत्यांच्या मोरीतून बादली सरकवल्याचा आवाज आला. चुलतीनं अंघोळीच्या पाण्यात हीटर टाकला होता. सकाळी लय मारतो, असं आई म्हणायची, ते का, तेही कळलं.

मी घरामागं गेलो. बोअरच्या केसिंगला, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या लोखंडी पाइपाला, एक क्लॅम्प होता आणि त्यात तारांचा जुडगा. वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. पट्टीचं टोक आत दुमडून खोचलेलं होतं. असं टोक फक्त आप्पा खोचायचे. मी तिथं खाली बसलो तो लवकर उठलोच नाही.

आमची वस्ती लाईनच्या अगदी शेवटच्या खांबावर आहे. खांबावरची न्यूट्रलची तार कधीतरी तुटली आणि ती कुणी जोडली नाही. विजेला जशी यायला तार लागते, तशी परत जायलाही लागते. ती नसली की आमच्याकडं लोक सरळ अर्थिंगवर चालवतात, एक तार खांबाची आणि दुसरी जमिनीत. उन्हाळ्यात जमीन वाळली, बल्ब मंद झाला, की अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओततात. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नाही. आप्पांनी बोअरचं केसिंग धरलं, कारण आमच्या मुरमाड जमिनीत तेवढं खोल दुसरं काही जात नव्हतं. आणि एकट्यापुरतं धरलं नाही, वस्तीवरच्या सगळ्या घरांना त्यांनी तिथूनच तार दिली. तेव्हा घरटी एखादा बल्ब, फार तर पंखा. आता फ्रीज आले, हीटर आले, कडबाकुट्टी आली. सगळ्यांची वीज आमच्या केसिंगमधून जमिनीत उतरते, आणि जमीन कोरडी असली की तुंबून पाण्याच्या लोखंडी पाइपातून आमच्या नळाला येते.

मी पाना घेतला आणि क्लॅम्प सोडला. सुटलेल्या टोकाला टेस्टर लावला तर तो लखलखीत पेटला. नळावरचा आकडा मात्र गेला. आईला हाक मारली. आधी हाताची पाठ लाव, असं मी तिला शिकवलं, कारण झटका बसला तर हात आपोआप मागं येतो. तिनं पाठ लावली, मग आख्खा हात धारेखाली धरला, आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

पातेलं धुऊन व्हायच्या आत चुलती दारात. "आक्का, तुमची बी लाईट गेली का वो? ह्यांचा पंखा बंद पडलाय."

चुलत्यांना अर्धांगवायू झालेला. एप्रिलचे दिवस, पत्र्याचं घर, आणि त्यांना स्वतःच्या अंगावरची माशी हाकलता येत नव्हती. आईनं माझ्याकडं बघितलं. मी तिला सगळं सांगितलं, चुलतीच्या समोरच. चुलती भांडली असती तर मलाही बोलता आलं असतं. ती नुसती पदराला हात पुसत उभी राहिली.

"जोड," आई म्हणाली.

"आई, हे धोक्याचं आहे. कंपनीत असलं काही दिसलं तर मी आख्खी लाईन बंद करतो."

"तुझ्या बापानं दिल्याली लाईट हाय ती. तू कोण तोडणार?"

मी जोडली. चिडून जोडली, पण नीट जोडली.

पुढचे महिने मी हात-पाय मारत राहिलो. हीटर लावू नका, असं सगळ्या घरांना सांगितलं. सगळे व्हय म्हणाले, काही दिवस चुलीवर पाणी तापलं, मग पुन्हा हीटर. मी दिसलो की ओशाळं हसायचे. वस्तीसाठी वेगळा खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, पण खाली खडक. बल्बची नुसती तार लाल व्हायची आणि पंखे गुणगुणत उभे राहायचे. तारा गुपचूप परत केसिंगला आल्या. वीज ऑफिसात गेलो की, "काम मंजूर हाय, तार आली की टाकू," असं सांगायचे. पुढच्या खेपेला साहेब बदललेला असायचा आणि मला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागायचं. घरात प्लास्टिकचा पाइप आणि प्लास्टिकचा नळ टाकला, तेवढा नळ शांत झाला. पण बोअरजवळ धुण्याचा दगड होता, तिथं ओल्या मातीतून आईच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या. नळ बदलता आला होता. जमिनीचं मी काय करणार होतो?

मग शेळी मेली. आईची एकच शेळी होती, दावणीची साखळी सुटली म्हणून कुणीतरी तिला केसिंगला अडकवून गेलं. खाली धुण्याच्या पाण्याचा चिखल. आई शेतातून आली तेव्हा शेळी आडवी होती. चुलतीनं आईच्या गळ्यात पडून रडून घेतलं, वस्तीवरच्या पोरांनी खड्डा केला. तार सोडा, असं कुणीच म्हणालं नाही, आईसुद्धा नाही. त्याच आठवड्यात तिनं मला फोन केला. "येऊन मला घिऊन जा," एवढंच म्हणाली. ज्या वाक्याची मी वर्षानुवर्षं वाट बघितली होती ते ऐकून मला रडू आलं.

आता ती दौंडला आमच्या फ्लॅटमध्ये असते. इथला नळ अगदी निर्दोष आहे, मी दोनदा तपासलाय. तरी ती सिंकपाशी गेली की आधी हाताची पाठ लावते, हात मागं घेते, आणि मग नळ सोडते. रोज दिवेलागणीला चुलतीला फोन करते. "लाईट हाय का?" पलीकडून "हाय" येतं. "पंखा फिरतोय?" "फिरतोय, आक्का." मग ती फोन ठेवते. तिच्या स्वतःच्या घरात अंधार असतो, तिथलं मेन मीच पाडून आलोय.

परवा फोन ठेवल्यावर तिनं दोन्ही हात माझ्यासमोर धरले.

"माझ्या हातात काय न्हवतं ना? तूच मीटर लावला हुतास."

"काही नव्हतं, आई."

"मग मी का आले हितं?"