मनकर्णेचा विस्तव

कापसाला असा भाव चढला होता की तिवशाकडच्या वाटेवर गाड्यांची रीघ तुटत नसे. वाटेलगत खुशालरावांचं शेत. गाडीवाले चिलमीसाठी विस्तव मागायचे आणि त्यांची बायको मनकर्णा गोवरीच्या तुकड्यावर निखारा द्यायची. विस्तवाला नाही म्हणायची रीतच नव्हती.

कार्तिकातल्या एका दुपारी असाच एक जण निखारा घेऊन कापसाच्या गंजीला टेकून बसला. वारा सुटला. गंजीच्या पलीकडे त्यांची सात वर्षांची लेक शकुन निजली होती. खुशालराव आगीत शिरले. दोन्ही हातांची बोटं जळून चिकटली, पण पोर हाती लागली नाही.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मनकर्णेनं ताकाचं नावच टाकलं. तीन वर्षं परक्याला विस्तव नाही की पाणी नाही. गाडी थांबली की ती दार लावून घ्यायची.

पौषातल्या एका पहाटे परतवाड्याचा सूर्यभान दारात आला.

"माय, इस्तो दे. बायको गाडीतच बाळंत झाली. लेकरू गार पडून राह्यलं."

"इथं भेटत नाही. पुढं जा."

"मी हात लावत नाही. तूच घेऊन चाल."

ती हलली नाही. खुशालरावांनी त्या थोट्या हातांनी चुलीतले निखारे खापरात ओढले आणि खापर तिच्यापुढं धरलं.

गाडी कापसानं भरलेली. मनकर्णेनं बाळंतिणीला दूर निंबाखाली आणवलं, तिथं जाळ केला. तळवे शेकून ती बाळाच्या पाठीवर ठेवत राहिली. बऱ्याच वेळानं पोर रडली.

"जरा धरता का?" म्हणत बाळंतिणीनं लेक तिच्या मांडीवर ठेवली आणि निश्चिंत डोळे मिटले. तेव्हा मनकर्णेला हुंदका आवरेना.

"त्या माणसाले गंजीपाशी म्याच बसवलं होतं," ती म्हणाली. "ऊन लागून राह्यलं होतं त्याले. मनलं, सावलीत बस बापा."

हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

ऊन वर आल्यावर सूर्यभाननं जाळावर पाणी ओतलं आणि राखेत तळहात दाबला. "थंड झालं, माय. पाहा." तिनंही हात घालून पाहिला.

पुढं ती पुन्हा सगळ्यांना विस्तव देऊ लागली. पाणीही द्यायची, ख्यालीखुशाली विचारायची. फक्त कुणाला सावलीत बस म्हणून ती मरेपर्यंत म्हणाली नाही.