भरतकामाची उलटी बाजू

सिंगापुरात, बेडोकच्या फ्लॅटमध्ये आज रुमाल भरायला बसले आणि इंग्लंडमधल्या खेड्यातलं एक जुनं चर्च आठवलं. दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही इथून सुट्टीला गेलो होतो, पुण्याहून आईही आली होती. आत गार दगड, मेणाचा वास. आम्ही रंगीत काचा बघत होतो. आईने मात्र गुडघे टेकायची भरतकामाची उशी उचलून सरळ उलटी केली. मागे अस्तर होतं, टाके दिसेनात.

"आई, ठेव ती," मी कुजबुजले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फुलं रचणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी ते पाहिलं. हसत पिशवीतून अर्धवट भरलेलं कापड काढून त्यांनी आईपुढे उलटं धरलं. एकही गाठ दिसेना.

"हिला येतं," आई म्हणाली.

आत्ता लेकीने माझा रुमाल उचलला आणि आधी उलटा केला, मग तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली,

"आई, सो मेनी गाठी लाह."