सगळ्यांनी उचललेलं वाक्य

वसुधाताईंनी स्नायू झिजवणाऱ्या आजारावर आयुष्यभर संशोधन केलं. परवा त्यांच्या सत्कारात, त्यांच्या एका शोधनिबंधाचा संदर्भ जगभरचे संशोधक देतात, असं सांगितलं गेलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

शेजारी बसलेल्या मला त्या हळूच म्हणाल्या, "त्यातलं एकच वाक्य सगळे उचलतात. 'या आजारावर अद्याप औषध नाही.' नवा संदर्भ दिसला की मला कळतं, औषध अजूनही नाही."

आजारी माणसाच्या समाचाराला येणारा प्रत्येक जण तीच वाईट बातमी पुन्हा बोलून दाखवतो. विद्वानांच्या जगात त्यालाच कीर्ती म्हणत असावेत.

समोर चाकांच्या खुर्चीत त्यांचा धाकटा भाऊ होता. कार्यक्रमाआधी ताईंनी त्याचे हात उचलून मांडीवर नीट ठेवले होते. टाळ्या थांबल्या तेव्हाही ते तसेच होते.