कंडक्टरकाकांचे पासवाले

कंडक्टरकाका आमच्या गावचे अंपायर होते, पण ओव्हर सुरू करताना त्यांनी कधी ‘प्ले’ म्हटलं नाही. हात वर करून ते तोंडानंच “टण् टण्” करायचे आणि बॉलर धावत सुटायचा. चिखलीच्या एसटीत आयुष्यभर घंटीची दोरी ओढलेला माणूस. निवृत्त झाला तरी दोरी हातातून सुटली नव्हती. आउट देतानाही बोट वर नाही. “उतर बे, तुहा स्टॉप आला!” एवढंच.

आमचं मैदान म्हणजे गावाबाहेरचा मुरमाड माळ. चैत्रात तिथे टेनिस बॉलचे सामने सुरू व्हायचे आणि नेमकी तेव्हाच सरड्यांची लग्नसराई. वीतभर अंगाचा, मातीच्या रंगाचा सरडा एरवी पायाशी असला तरी दिसत नाही. उन्हाळ्यात मात्र नर दगडावर चढून गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा असा उघडतो, की फेट्यातल्या नवरदेवानं लाजावं. दोन नर समोरासमोर आले की काका स्टंपांमागून दम द्यायचे, “ए, दारात भांडू नका, मधी सरका!”

त्यातल्या एकाला आमचं पिचच आवडलं होतं. तो आला की काका दोन्ही हात पसरून खेळ थांबवायचे.

“काका, हाकला ना त्याले!”

“काऊन हाकलू? पासवाला हाय तो. तुमी आज आले, संध्याकाळी जासान. त्याचं रोजचं जाणं-येणं हाय.”

पासवाला मनसोक्त पंखा मिरवायचा आणि मग मागच्या दोन पायांवर धावत झुडपात शिरायचा. तो गेला की “टण् टण्”.

एकदा फायनलला शेवटच्या बॉलवर मी सिक्स मारला. आम्ही जिंकलो! मी बॅट हवेत फेकली, ती खाली आली तेव्हा काका हात पसरून उभे होते. पासवाला आधीच पिचवर चढला होता म्हणे, बॉल रद्द. पुन्हा टाकलेल्या बॉलवर माझी दांडी उडाली. त्या संध्याकाळी कॅप्टननं काकांना सांगून टाकलं, पुढच्या वर्षी नवा अंपायर. काकांनी डोक्यावरची टोपी काढून त्याच्या हातात दिली. “मले उतरवलं त चालते,” ते म्हणाले, “त्याले नका उतरवू.”

मला त्यांचं वाईट वाटलं. पण खरं सांगतो, सिक्सचं जास्त वाटलं.

पुढच्या चैत्रात काका बांधावर छत्री घेऊन गप्प बसायचे. काकू पाण्याची कळशी घेऊन यायच्या. त्या मला एकदा म्हणाल्या, “पह्यले ताटावर बसले की टण् टण् करत. आता मुकाट्यानं जेवतात. घर उभ्या गाडीवानी झालं, बाबू.”

मग एका सामन्यात, अगदी रंगात आलेल्या ओव्हरला, पासवाला पिचवर चढला. नवा अंपायर म्हणाला, “खेळा, खेळा.” पण धावत येणारा बॉलर आपोआप थांबला. तो शेजारच्या गावचा, तरी काकांच्याच हाताखाली वाढलेला. मीही बॅट खाली टेकवली. सरडा आरामात मिरवला आणि गेला. तरी कुणी हलेना. सगळे बांधाकडे बघत होते.

काकांनी छत्री मिटली, उभे राहिले. “टण् टण्!” आवाज जरा चिरकला. दुसऱ्या दिवशी कॅप्टननं स्वतः टोपी घरी नेऊन दिली.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मला ते फार आठवतात, सिक्ससकट.

यंदा सामने सुरू झाले आणि पासवाला पिचवर आला. आम्ही थांबलो. पाहुण्या संघातला एक नवखा ओरडला, “काऊन थांबले बे?” सरडा पंखा मिटून निघून गेला, तरी आम्ही तसेच उभे. आता गाडी सोडायची कुणी?

बांधावर काकू होत्या. त्यांनी कळशी खाली ठेवली, पदर सावरला आणि हात वर केला.

“टण् टण्!”