पाठीवरच्या रेघा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला नवल वाटायला नको. लेकीच्या शाळेतल्या नव्या टीचरने आम्हा मायलेकींना बाजूच्या खोलीत बसवलं, दार लोटलं आणि विचारलं, "मम्मा, हिच्या पाठीवर हे कसं झालं, सांगाल?" आणि मग माझी जी काही सटकली!

लेक बारा वर्षांची. स्वमग्न आहे. बोलते थोडं, पण ते बहुतेक आपलेच शब्द आपल्याला परत देणं असतं. 'भूक लागली का?' विचारलं की 'भूक लागली का', असं. आम्ही मूळचे भुसावळचे. नवरा रेल्वेत गार्ड, बदलीने जयपूरला आलो आणि इथल्या कॉलनीत रुळलो. ही टीचर म्हणजे चौमूंहून रोज बसने येणारी, जेमतेम पंचविशीची पोरगी. या विशेष मुलांच्या शाळांत सगळ्या आयांना सरसकट 'मम्मा' म्हणतात, ते मला तसंही खटकायचं. बोलणं सगळं हिंदीत झालं, मी आपलं मराठीत सांगतेय.

टीचरने लेकीला विचारलं, "कुर्ता थोडा वर करू?" ती "वर करू" म्हणाली, आणि मग मला त्या रेघा दिसल्या. निळसर, सरळ, एकाखाली एक. मी त्या पाहिल्याच नव्हत्या. वर्षभर डोकं फोडून तिला स्वतःची अंघोळ स्वतः करायला शिकवलं होतं, आणि तेव्हापासून मी दाराबाहेर उभी राहायचे.

"पडल्यावर गुडघ्याला लागतं, नडगीला, कोपराला, कपाळाला," टीचर म्हणाली. "पाठीवर अशा सरळ रेघा पडून उठत नाहीत. गेल्या महिन्यात इथेच झालाना भागात आमचं ट्रेनिंग झालं. तिथे सांगितलं, या मुलांना काही झालं की सगळे म्हणतात ही मुलं अशीच असतात, आणि खरं काय झालं ते राहूनच जातं. म्हणून आधी विचारायचं. दुपारी ती कोणाजवळ असते? घरी कोण कोण असतं?"

घरी कोण असतं! मी आणि तिचा बाप. प्रश्नाचा रोख कुठे होता ते कळायला मी काही दूधखुळी नव्हते. तळपायाची आग मस्तकात गेली. रात्रभर गाडीवर जागून आलेला माणूस आधी पोरीच्या केसांना तेल लावतो आणि मग स्वतः जेवतो, त्याच्यावर संशय? मी आवाज चढवून हे सगळं ऐकवलं. पण त्या टीचरने प्रश्न काही मागे घेतला नाही. "मी तुमच्यावर आरोप करत नाहीये मम्मा. मला माहीत नाही, म्हणून विचारतेय. मोठ्या मॅडमना मी सांगितलंय. कोणी मारलंय असं दिसलं तर आम्हाला पुढे कळवावंच लागेल."

"कळव! खुशाल कळव!" असं म्हणून मी लेकीचा हात धरला आणि निघाले.

रिक्षात बसल्यावर राग उतरला आणि भीती शिरली. रेघा तर होत्या. मी मारलं नव्हतं, नवऱ्याने मारलं नव्हतं. मग उरलं कोण? दुपारी मी सांगानेरला, एका ब्लॉक-प्रिंटच्या कारखान्याच्या ऑफिसात कामाला जाते. तेवढा वेळ लेक समोरच्या भाभीजींकडे असते. भाभीजी इथल्याच, जयपूरच्या. मुलं नोकरीला बाहेरगावी गेलेली. माझ्या लेकीला स्वतःच्या ताटातला चुरमा भरवणारी बाई. ती मारेल? पण असं कोण कोणाबद्दल छातीठोक सांगणार?

घरी आल्या आल्या लेकीला समोर बसवलं आणि विचारलं, "बाळा, भाभीजींनी मारलं का?"

पंख्याकडे बघत लेक म्हणाली, "मारलं."

भांडण विसरून त्या टीचरलाच फोन लावला. "ती म्हणाली! स्वतःच्या तोंडाने म्हणाली, भाभीजींनी मारलं!"

टीचर म्हणाली, "तुम्ही काय विचारलंत? जसंच्या तसं सांगा." मी सांगितलं. "मम्मा, नाव तर तुम्हीच दिलंत. तिने शेवटचा शब्द परत केला. ट्रेनिंगमध्ये हेच आमच्याकडून घोटून घेतलं, प्रश्नात उत्तर ठेवायचं नाही. आता तिला काही विचारू नका. नाहीतर तुम्हीच पढवलंय म्हणतील, आणि खरंच काही झालं असेल तरी तिचं बोलणं कोणी धरणार नाही. तिला कोणाजवळ एकटी सोडू नका आणि नुसतं बघा."

विचारू नका म्हटल्यावर न विचारणारी मी नव्हे. फोन ठेवला आणि म्हटलं, "पप्पांनी मारलं का?" "मारलं." "आईने मारलं का?" "मारलं." मग माझी नजर कांद्याबटाट्याच्या टोपलीकडे गेली. "बटाट्याने मारलं का?"

"मारलं," लेक अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली.

मी खो खो हसले आणि त्याच दमात रडायला लागले. भाभीजी काही सुटल्या नव्हत्या. रेघा पाठीवर होत्या त्या होत्याच. फक्त आता कोणाला विचारून काही कळणार नाही, एवढं कळलं होतं.

संध्याकाळी नवरा आला. त्याला सगळं सांगितलं, तो प्रश्नही सांगितला. तो एवढंच म्हणाला, "माझ्याबद्दल विचारलं?" आणि त्या दिवशी त्याने लेकीच्या केसांना तेल लावलं नाही. तेलाची बाटली माझ्या हातात दिली आणि बाहेर जाऊन बसला. मला त्या टीचरचा पुन्हा नव्याने राग आला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि लेकीबरोबर मीही भाभीजींकडे जाऊन बसले. त्या खूश झाल्या, "अरे वा, आज तुम्हीपण!" म्हणून पोळ्या लाटायला बसल्या. त्या बोलत होत्या, मी हूं हूं करत होते आणि त्यांच्या हातांकडे बघत होते. लाटण्याकडे बघत होते. लाटण्याने अशा रेघा उठतील का, याचा हिशोब करत होते. देवा, काय ते बसणं होतं!

थोड्या वेळाने लेक उठून मागच्या गॅलरीत गेली. मीही उठले, तर भाभीजी म्हणाल्या, "जाऊ द्या, तिला तिथे गार वाटतं. रोज जाते, गुणगुणत उभी असते. मी इथून आवाजावर लक्ष ठेवून असते."

मी गेलेच. गॅलरीत कूलर होता, इथे सगळ्यांकडे असतो तसा, लोखंडी, उंच, बाजूला आडव्या पट्ट्यांची जाळी आणि आत ओलं खस, म्हणजे आपला वाळा. तो घरघरत होता. लेक त्याच्याकडे पाठ करून उभी होती. एक पाऊल पुढे, आणि धप्पकन मागे त्या जाळीवर. पुन्हा पुढे, पुन्हा धप्प. डोळे मिटलेले, कुर्ता पाठीला भिजून चिकटलेला, चेहऱ्यावर असं सुख की मी हाक मारायचीच विसरले.

मग जवळ जाऊन विचारलं, "कुर्ता वर करू?" "वर करू," ती म्हणाली. पाठीवरच्या दोन रेघांवर मी दोन बोटं ठेवली आणि तीच बोटं जाळीवर ठेवली. ती बरोबर दोन पट्ट्यांवर बसली.

जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तो असा पडला की मी तिथेच ओल्या फरशीवर फतकल मारून बसले. कोणी मारलं नव्हतं. माझ्या लेकीला कोणी, कोणीही मारलं नव्हतं. भाभीजी पिठाच्या हातांनी धावत आल्या तर मी त्यांच्या कमरेला मिठी मारून रडत होते, आणि त्यांना कळेना बाईला झालं काय.

मी त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. त्या दिवशी त्यांनी चहाचं विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच दार वाजवून लेकीला घेऊन गेल्या. त्यांच्या जागी मी असते तर महिनाभर तोंड दाखवलं नसतं.

टीचरला फोनवर सांगितलं. पण मला वाटलं होतं, विषय संपला, तसं नव्हे! "मम्मा, मोठ्या मॅडम आणि मी एकदा येऊन बघतो." म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास नाहीच! मी म्हटलं, या बाई, या. दोघी आल्या, कूलर पाहिला, पाठ पाहिली, भाभीजींशी वेगळ्या बोलल्या, आणि मग कुठे त्यांचं समाधान झालं. शाळेत लेकीसाठी भिंतीला एक जाड गादी लावून दिली, वाटेल तेवढी पाठ दाबायला. नवऱ्याने भाभीजींच्या कूलरच्या त्या बाजूला फोम बांधला. हवा जरा कमी येते, पण भाभीजींची तक्रार नाही.

कॉलनीतल्या बायका मात्र म्हणाल्या, "एवढा तमाशा केला, आणि निघालं काय, तर कूलर! ही मुलं स्वतःच लावून घेतात काहीबाही." हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. आधीच्या शाळेत एकदा तिच्या कानामागे टेंगूळ आलं होतं. 'स्वतःच आपटून घेतलं असेल' म्हणाले आणि विषय संपला. खरंही असेल ते. पण बघायला कोणी गेलं नव्हतं. या वेळी उत्तर तेच निघालं, तरी बघून निघालं. यातला फरक मी बायकांना समजावायला गेले आणि नेहमीप्रमाणे भांडण करून आले.

पुढच्या ट्रेनिंगला टीचरने मलाच बोलावलं. झालानातल्या एका ऑफिसचा हॉल, समोर विशेष शिक्षक, फिजिओथेरपिस्ट, नर्स, शाळेच्या गाडीवरच्या ताया. मी घडलं ते सांगितलं. बटाट्याला सगळे हसले. मग एका तरुण फिजिओथेरपिस्टने विचारलं, "आणि आमची शंका खोटी निघाली, आई कायमची दुखावली, तर?"

"दुखावू दे," मी म्हटलं. "मी दुखावले, मेले का? अहो, माझी लेक कधीच येऊन सांगणार नाही की मला अमक्याने मारलं. आज मी आहे, तिचा बाप आहे. उद्या आम्ही नसू. ती कुठल्यातरी संस्थेत असेल, आणि तिथले लोक म्हणतील, ती अशीच आहे. तेव्हा तुमच्यापैकी कोणीतरी हे कसं झालं म्हणून विचारायला हवं. समोरच्याला राग येईल म्हणून गप्प बसू नका. घ्या संशय. पहिला माझ्यावर घ्या."

घरी येऊन नवऱ्याला जेवायला वाढलं आणि हॉलमध्ये काय बोलले ते सांगितलं. आपण गेल्यावर हिचं काय, हा विषय आम्ही दोघांनी इतक्या वर्षांत कधी काढलाच नव्हता. त्याचा घास हातात राहिला.

मग म्हणाला, "त्या टीचरला एकदा घरी जेवायला बोलव."