एकावन्नावा टाका

आमची वहिनी शिवणकाम करते. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. लहानपणी ती बेसबॉलच्या संघात पिचर होती. चेंडू टाकत राहिली आणि मोजायला कुणी नव्हतं. आता तिची वेणीसुद्धा तिची लेक घालते. हीच लेक, आमची चिमणी, बारा वर्षांखालच्या संघाची पिचर.

आता नियम आहेत. पन्नास चेंडू टाकले की तीन दिवस विश्रांती. एकावन्नावा टाकला की चार. आणि पिचर एकदा बदलली की त्या सामन्यात तिला पुन्हा पिचिंग नाही. वहिनीचा कागदावर भरवसा नाही. ती मांडीवर कापडाची पट्टी घेऊन बसते, दर चेंडूला एक टाका. चिमणीचा दोरा लाल, दुसरी पिचर आली की पिवळा. मी तिची नणंद, चिडवल्याशिवाय कशी राहणार? "वहिनी, मॅच बघायला आलीस की काजं करायला?"

रविवारी अंतिम सामना. चिमणी हात मोकळा करत होती, तेवढ्यात समोरच्या संघाचे सर स्पर्धेची वही नाचवत आले. "बुधवारी हिने एकावन्न टाकलेत. मधे तीनच दिवस गेलेत, आज चालणार नाही!"

माझं डोकंच फिरलं. "इतके दिवस झोपला होतात का?" म्हणत मी बाह्या सरसावल्या. वहिनीकडे बघितलं तर तिचा चेहरा पांढराफटक.

"सामना गेला खड्ड्यात," ती पुटपुटली. "माझ्या हातून एक चेंडू सुटला तर नाही ना गं?"

तिने पिशवीतून बुधवारची पट्टी काढली. बोटाने लाल टाके मोजले. पुन्हा मोजले. पन्नास. मग पंचांना विचारलं, "वहीत एकावन्नावा कुणाला टाकलाय?"

"डावखुऱ्या बॅटरला."

"तिला तर माझा पिवळा दोरा लागलाय. बदलीची चिठ्ठी बघा."

फाईल उलटीपालटी झाली. चिठ्ठी मिळेना. माझा जीव टांगणीला! शेवटी वहीच्या कव्हरातच सापडली, पंचांच्याच सहीची: डावखुरी येण्याआधी पिचर बदलली. वही लिहिणारे काका ओशाळले. "अहो, मी तेव्हा पाणी प्यायला उठलो होतो. एक चेंडू जुन्याच नावावर पडला वाटतं."

"चुकलं आमचं, ताई," समोरचे सर म्हणाले. वहिनी मटकन खाली बसली आणि चक्क रडली. मग हसलीही.

शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे, त्यांची एकच बॅटर बाद करायची बाकी, आणि वहिनी ताडकन उठली. "पन्नास! काढा तिला."

"अगं बाई, एकच तर हवीय!" मी कळवळले.

"पन्नास म्हणजे पन्नास."

चिमणी तोंड पाडून पहिल्या बेसवर चेंडू अडवायला गेली. पिवळ्या दोऱ्याच्या पोरीने चार चेंडू घेतले, पण बाद केली बाई एकदाची. माझा जीव भांड्यात पडला.

सगळे नाचत होते. वहिनीने लेकीला बाजूला ओढलं.

"हात वर कर बघू."

चिमणीने केला.

"अजून वर."

"आई, आता काय आभाळाला लावू?"