भिमाजीच्या बाटलीची पारख

राघूची पोरगी दारूची चव घेते आणि त्याचा पगार मिळवते, हे पिंपरी पेंढारात कळलं तेव्हा पारावरच्या मंडळींना दुसरा विषयच उरला नाही. आम्ही जन्मभर मन लावून हेच काम केलं, आम्हाला कुणी नोकरी दिली नाही, अशी तक्रार करणारेही त्यात होते. राघूनं आपल्या परीनं समजावून सांगितलं. "आवो, ती पीत न्हाई. तोंडात घेती, फिरवती आन थुंकून टाकती." यानं तर आणखीच गोंधळ उडाला. पिणाऱ्याला गाव समजून घेतं, थुंकणाऱ्याला कसं समजून घ्यायचं?

राघू मेंढरामागं फिरून म्हातारा झालेला माणूस. खांद्यावर टॉवेल, हातात काठी आणि मेंढीच्या तोंडात बोट घालून दात मोजल्याशिवाय भाव न बोलणारा. बेल्ह्याच्या बाजारात त्याला नाव होतं. या धंद्यात पोरगा नाही म्हणून नातेवाइकांनी हळहळावं आणि राघूनं मान डोलवावी, हे बरीच वर्षं चाललं. खरं तर त्याला पोरगा नसल्याचं दुःख नव्हतं. आपल्याला जे कळतं ते आपल्याबरोबरच जाणार, एवढंच त्याला खुपायचं.

सुप्रिया लहानपणापासून जरा वेगळीच. शेळीचं दूध तोंडाला लावलं की सांगायची, "आज ही कडुनिंबाखाली चरली." दुसऱ्या दिवशी म्हणायची, "आज हिनं कांद्याची पात खाल्ली." राघू त्या वाटेनं शेळ्या घेऊन गेलेला असायचा, त्यामुळं त्याला ते पटायचं. तिच्या आईला, तानूबाईला, मात्र या गुणाचा ताप होता. भाकरी ताटात पडली की पोरगी आधी वास घ्यायची. "आये, पीठ जुनं झालंय." तानूबाई पळी उगारायची. पण नंतर गुपचूप डब्यातलं पीठ हुंगून बघायची, आणि पोरगी खरी निघाली की जास्तच चिडायची.

मेंढरांचा वाडा फिरता, आज या रानात तर उद्या त्या, म्हणून शाळेसाठी तिला कळंबला मावशीकडं ठेवलं. दहावी झाली आणि पाहुण्यांनी लग्नाचा धोशा लावला. तेव्हा मधे पडला भिमाजी. भिमाजी हा गावातला मोठा बागायतदार. कांदा निघाला की त्याच्या रानात राघूच्या मेंढ्या बसायच्या, लेंडीखतानं रान तयार व्हायचं, ही दोघांच्या बापांपासूनची रीत. भिमाजी तोंडानं फटकळ, पण मनानं उदार. "राघूबा, पोरीचं डोकं चालतंय तर चालू दे की! तुझ्या मेंढरांना दाखल्याची गरज न्हाई, तिला हाय," असं म्हणून त्यानं बाप-लेकीला आपल्या जीपमध्ये बसवलं आणि थेट कॉलेजात नेलं. तिथल्या साहेबांशीही तो अशा थाटात बोलला, की पोरगी त्याचीच असावी. राघू हे कधी विसरला नाही.

शिकून ती नगरकडच्या एका दारूच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागली. तिथं एकदा सगळ्यांच्या जिभेची परीक्षा झाली, पाण्याचे पेले ओळीनं मांडून, कशात चिमूटभर मीठ, कशात कडवटपणा. सुप्रियाची निवड झाली आणि ती चव बघणाऱ्यांच्या खोलीत गेली. त्या खोलीचे नियम कडक. अत्तर नको, पान नको, कामाच्या दिवशी तिखट नको. सुट्टीवरून परत जायच्या सकाळी ती ठेचा बाजूला सारायची. "धनगराची पोर आन ठेच्याला न्हाई म्हणती!" तानूबाईला हे दारूपेक्षा जास्त लागायचं. पण सुप्रिया हसत हसत दूधभाकरी खायची आणि आपल्या मतावर ठाम राहायची. राघूला तिचं हे फार आवडायचं. बोलून दाखवायचा नाही, एवढंच.

यंदा टोमॅटोनं भिमाजीला हात दिला. त्यानं रानातल्या नव्या बंगल्यात काचेचं कपाट केलं आणि मुंबईच्या ओळखीतून एक अमेरिकन व्हिस्की मागवली. लाकडी खोक्यात, मखमलीवर निजवलेली बाटली. तिच्यावर हातानं नंबर लिहिलेला, आणि अशा बाटल्या जगात मोजक्याच निघाल्या म्हणे. तिच्या किमतीत दोन दुभत्या म्हशी आल्या असत्या, असं गाव म्हणे. गाव थोडं वाढवूनच बोलतं, पण एक म्हैस तरी नक्की होती.

अशातच सुप्रिया सुट्टीवर आली. वाडा तेव्हा भिमाजीच्याच रानात बसला होता. रविवारी दुपारी त्यानं मटणाचा बेत केला, चार लोक बोलावले आणि राघूला निरोप धाडला, "पोरीला घेऊन ये. आपली बाटली तिच्या तोंडून ऐकायचीय."

बंगल्याच्या पडवीत मंडळी जमली होती. त्यात गेणभाऊ होता. गेणभाऊ म्हणजे दुसऱ्याच्या सुपारीत खडा शोधणारा माणूस. बाटली हातात घेऊन त्यानं उलटसुलट केली आणि विचारलं, "ही कशाची बनती गं सुप्रिया?"

"निम्म्याहून जास्त मका असतो, काका."

"मका? आपण म्हशीला घालतो त्यो?" पडवी हसण्यानं भरून गेली. भिमाजीही हसला, पण त्याचे कान लाल झाले. राघूनं ते पाहिलं. आज काय होणार, हे त्याला लख्ख दिसलं. भिमाजीला सगळ्यांदेखत होकार हवा होता. पोरीनं खोटी वाहवा केली तर तिच्या विद्येला बट्टा. खरं बोलली आणि ते वाईट निघालं, तर ज्या माणसानं तिला कॉलेजची पायरी दाखवली त्याचीच चारचौघांत शोभा. वर पिढीजात रान हातचं जायचं ते वेगळंच.

"मग, कशी हाय?" भिमाजीनं बाटली तिच्यापुढं ठेवली.

"आण्णा, बंद बाटलीवरून मी काय सांगू? तोंड न उघडता मेंढीचं वय सांगता येतं का?"

"फोडू नका शेठ," गेणभाऊ मधेच म्हणाला, "सील तुटलं की माती झाली. बंद हाय तोवर इकता तरी येती." क्षणभर भिमाजी घुटमळला. मग त्यानं स्वतःच्या हातानं बूच काढलं. राघूला त्याचं कौतुक वाटलं. दात दाखवायला जो घाबरतो त्याचा माल राघू कधी घेत नसे.

सुप्रियानं पिशवीतून स्वतःचा पेला काढला. खाली फुगीर, वर निमुळता. तळाला घोटभर ओतली, उजेडाकडं धरून रंग बघितला, मग ओठ किंचित उघडे ठेवून वास घेतला. एकदा लांबून, एकदा जवळून. मेंढीच्या पाठीवर हात ठेवला की राघूचे डोळे अर्धे मिटायचे, तसे तिचे मिटले होते. हे राघूनं पहिल्यांदाच पाहिलं, कारण स्वतःचे मिटलेले डोळे माणसाला कुठून दिसणार! तिनं घोट तोंडात घेतला, फिरवला, थांबली आणि उठून शेवग्याच्या बुंध्याशी जाऊन थुंकली.

"अरारारा!" गेणभाऊ कळवळला. "म्हशीचं एक शिंग गेलं!"

तिनं लक्ष दिलं नाही. पेल्यात दोन थेंब पाणी घालून पुन्हा तेच सगळं केलं. मग येऊन बसली आणि सावकाश बोलू लागली.

"आण्णा, माल अस्सल हाय. वरून रंग घातलेला न्हाई की गोडी न्हाई. वासाला आधी गूळ येतो, काहिलीत शिजत आलेला. मग भाजलेल्या कणसाचा, आन मागून संत्र्याच्या सालीचा. ओकच्या लाकडाचं कोरं पिंप आतून जाळून काळं करतात, त्यात ही वर्षानुवर्षं झोपलेली असती. तो जाळ हिच्यात उतरलाय. इतका सुंदर वास मी फार कमी वेळा घेतलाय."

भिमाजीची छाती फुगली. त्यानं गेणभाऊकडं असं बघितलं, जणू म्हणत होता, आता बोल!

"फक्त शेवटी लाकूड जरा जास्त झालंय," सुप्रिया पुढं म्हणाली. "घोट गेल्यावर जीभ कडेनं ओढल्यासारखी होते, बाभळीची काडी चावल्यावर होते तशी. पिंपातून थोडी आधी काढायला हवी व्हती."

खरं ते बोलून झालं होतं आणि कुणी दुखावलं नव्हतं. राघूनं श्वास सोडला. पण गेणभाऊ असा सोडणाऱ्यातला नव्हता. "ते वास-बीस राहू दे. शेठनं जे पैसं मोजले, तेवढी हाय का न्हाई? भाव बोल. एवढी शिकलीयास तर आकडा सांग!"

सगळ्यांनी माना वळवल्या. भिमाजीही पुढं सरकला. "सांग पोरी. आपल्याला भ्या न्हाई." पण भ्यालेला माणूस राघूला बाजारात लांबून ओळखू यायचा.

सुप्रिया उठली. राघूजवळ आली आणि तिनं त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला. भिमाजीसमोर बसून तिनं तो आपल्या हातावर पसरला आणि म्हणाली, "आण्णा, हात द्या."

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा टॉवेलखाली हातात हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात, आणि भोवती शंभर माणसं उभी असली तरी तो आकडा दोघांपुरताच राहतो. पटलं तर सौदा, नाही पटलं तर कुणाची पत गेली नाही. पण हे काम बाप्यांचं. बाईमाणसानं टॉवेलखाली हात घातलेला बेल्ह्याच्या बाजारात कुणी बघितला नव्हता. आणि राघूनं तरी तिला हे कुठं शिकवलं होतं? लहानपणी बाजारात त्याच्या गुडघ्याला टेकून बसायची, कधीमधी टॉवेलखाली डोकं घालायची आणि तो तिला मागं ढकलायचा. पोर खेळतेय असंच त्याला वाटायचं.

भिमाजीनं मंडळींकडं पाहिलं, राघूकडं पाहिलं आणि हात पुढं केला.

टॉवेल हलला. भिमाजीची भुवई वर गेली. त्यानं आपली बोटं दाबून उलटा भाव सांगितला, जसा बाजारात सांगतात. सुप्रियानं मान हलवली. तो पुन्हा वर चढला, ती जागची हलली नाही. राघू डोळे फाडून टॉवेलकडं बघत होता. चाळीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. दुसऱ्याच्या टॉवेलच्या नुसत्या हालचालीवरून तो आकडा ताडायचा. पण पोरीनं मनगट असं घट्ट आवळून धरलं होतं की कापडाला चुणीसुद्धा पडेना. राघूला काही म्हणता काही कळलं नाही.

मग भिमाजीनं हात काढून घेतला. आणि एकदम असा मोठ्यानं हसला की आतून त्याची बायको बघायला आली.

"गेणभाऊ, गिलास आणा सगळ्यांचं! ही काय कपाटात ठेवायची चीज न्हाई, प्यायची चीज हाय!"

"आवो पन पोरगी बोलली किती?"

"ते माझं मला ठावं." त्यानं पहिला पेला राघूच्या हातात दिला. "राघूबा, मी शिकवायला सांगितलं ते वाया गेलं न्हाई बघ. पुढल्या सालीबी वाडा माझ्याच रानात."

राघूनं ती व्हिस्की एका घोटात संपवली. त्याला गूळ लागला नाही, कणीस लागलं नाही, नुसता जाळ लागला. पण डोळ्यांत पाणी आलं ते त्या जाळानं नव्हे.

ऊन कलल्यावर राघूनं टॉवेल परत खांद्यावर टाकला आणि दोघं बांधानं वाड्याकडं निघाली. राघूनं बराच वेळ धीर धरला. मग त्याच्यानं राहवेना. "सुप्रे, किती दाबलास गं?"

"आबा, तुमी कधी सांगितलंय का कुणाला? आयेला तरी?"

राघू थांबला. नव्हतंच सांगितलं. पोटात काय काय घेऊन तो बाजारातून आला होता, पण टॉवेलखालचा एक आकडा कधी जिभेवर आणला नव्हता. हा त्याचा धर्म होता. आणि आज पोरगी तोच धर्म त्याच्या तोंडावर पाळत होती. आपल्याला जे कळतं ते आपल्याबरोबर जाणार, असं म्हणत त्यानं उगाच एवढी वर्षं जीव जाळला. राघूला इतकं भरून आलं की त्यानं टॉवेल तोंडावरून फिरवल्यासारखं केलं आणि पुढं चालू लागला.

वाड्यावर तानूबाई वाटच बघत होती; टॉवेलची बातमी त्यांच्याआधीच पोचली होती. पोरगी कोकरांकडं वळली तशी तिनं नवऱ्याला गाठलं. "काय झालं? भाव काय सांगितला तिनं?"

"आगं, धंद्यातलं इचारू नये," राघू ऐटीत म्हणाला. "आमच्यात तशी रीत न्हाई."